नोट चमकली, चिप मात्र पुसली गेली नाही: माझे सहा हजार रुपये

कारखान्यांतील कंट्रोल पॅनेल 31 वर्षे दुरुस्त केलेल्या माणसाने नोटा तपासण्याचा दिवा ईप्रॉम इरेझर (ईप्रॉम या स्मृती-चिपेतील डेटा अतिनील म्हणजे यूव्ही प्रकाशाने पुसणारे यंत्र) समजून विकत घ्यावा, हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहितो, कारण तोच विक्रेता ठाणे आणि नवी मुंबईत जुने सुटे भाग शोधणाऱ्यांना अजूनही तेच खोके विकत आहे.

वागळे इस्टेटमधील एका ओळखीच्या कारखान्यातील जुन्या यंत्राच्या कार्डावर 2764 ही 8 किलोबाइटची ईप्रॉम चिप आहे. तिच्यातील डेटा मी आधीच वाचून संगणकावर ठेवला होता, एवढे शहाणपण तरी शाबूत होते. मूळ चिपला हात न लावता दोन-तीन प्रती कराव्यात, यासाठी मला इरेझर आणि कोऱ्या चिपा हव्या होत्या. विक्रेत्याने इरेझरचे 4,200 रुपये आणि ‘तपासलेल्या’ 10 चिपांचे प्रत्येकी 180 प्रमाणे 1,800 रुपये सांगितले. त्यांपैकी 2,000 यूपीआयने आगाऊ गेले आणि उरलेले 4,000 मी वाशी स्थानकाबाहेर रोख मोजून दिले.

तिथेच त्याने माझ्याकडून पाचशेची नोट मागून घेतली, खोक्यात धरली आणि तिच्यावरील क्रमांक व बारीक तंतू चमकताना दाखवून म्हणाला, “काका, बघा, प्युअर यूव्ही!” मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची मला आजही चीड येते. नोट 365 नॅनोमीटरच्या यूव्ही-ए दिव्याखाली छान चमकते. ईप्रॉम पुसायला लागतो तो 253.7 नॅनोमीटरचा यूव्ही-सी. त्या नळीची काच काळपट जांभळी होती, खऱ्या नळीची पारदर्शक असते. शिवाय झाकण उघडे ठेवून आम्ही दोघे आत डोकावत होतो. दिवा खरा असता, तर रात्रीपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली असती. डोळे ठणठणीत राहिले, हाच फसवणुकीचा पुरावा होता. आणि मी मात्र ठाण्याच्या गाडीत बसून स्वस्तात सौदा झाल्याचे समाधान मानत होतो.

माझ्या बाजूने एवढेच सांगतो की, नोकरीत आमच्याकडे बंद पेटीचा इरेझर होता. झाकण उघडताच दिवा विझत असे, त्यामुळे आतली नळी पाहण्याची वेळच कधी आली नाही. आणि विक्रेता ‘ब्लँक चेक’ (चिप कोरी आहे का याची तपासणी), ‘एफएफ’ (कोऱ्या बाइटचे मूल्य) हे शब्द अगदी बरोबर वापरत होता.

घरी दहापैकी तीनच चिपा कोऱ्या निघाल्या. उरलेल्या सात मी 20 मिनिटे, मग 40 मिनिटे, शेवटी रात्रभर खोक्यात ठेवल्या. एकही बाइट बदलला नाही. तीन कोऱ्या चिपांवर डेटा लिहिताना त्यांवरील छपाईवर विसंबून 21 व्होल्ट दिले आणि तिन्ही तापून मेल्या. आडवा उजेड टाकून पाहिल्यावर 2764 पुढचे ‘ए’ हे अक्षर खरवडलेले दिसले. 2764ए ला 12.5 व्होल्टच लागतात. म्हणून छपाईवर बोट फिरवून पाहा आणि एका चिपेवर प्रयोग करून थांबा. मी थांबलो नाही.

पोलीस चौकीत मला सांगण्यात आले, “वस्तू तर मिळाली ना? मग फसवणूक कसली?” मी तरंगलांबी समजावू लागलो, तेव्हा हवालदारांनी दिवा लावून पाहिला आणि तो पेटतो, असा निर्वाळा दिला. तिथून वाशीच्या हद्दीत जा म्हणाले; वाशीच्या बाजूने, पैसे ठाण्यातून गेले, तिकडेच तक्रार करा. बँकेने, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, असे लेखी कळवले. एका हेल्पलाइनवरील मुलीने ‘ईप्रॉम’ हा शब्द तीनदा विचारून शेवटी ‘मोबाइल ॲक्सेसरी’ या सदरात नोंद केली. तीन आठवड्यांत सहा खेपा झाल्या, रिक्षाचे 540 रुपये वेगळे गेले, आणि एकाही टेबलावर कोणी ते खोके उलटे करून पाहिले नाही. खाली कंपनीचे नाव नाही, नळीचा क्रमांक नाही; हे मीही वाशीला पाहिले नव्हते, ही गोष्ट निराळी.

ऑनलाइन पैसे गेले असतील, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी नऊ दिवसांनी केला. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, हे मला चौकीत कोणीही सांगितले नाही. रोख देऊ नका, दिलेच तर पावती घ्या.

शेवटी एका जुन्या सहकाऱ्याच्या खऱ्या इरेझरमध्ये, चिपेवरच्या, प्रकाश आत जाणाऱ्या पारदर्शक खिडकीवरचा गोंद स्पिरिटने पुसून, नळीपासून अडीच सेंटिमीटरवर ठेवलेल्या सातपैकी पाच चिपा 20 मिनिटांत कोऱ्या झाल्या. 12.5 व्होल्टवर त्या नीट लिहिल्याही गेल्या आणि खिडकीवर मी अपारदर्शक चिकटपट्टी लावली. माझ्या इमारतीखालील किराणा दुकानदाराने नोटा तपासायला ते खोके 300 रुपयांना मागितले आहे; आयोगापुढे पुरावा म्हणून लागेल, म्हणून अजून दिलेले नाही.