पायाने मींड: एक्स्प्रेशन पेडल घ्यावं की गिटारचं व्हॉल्यूम पेडल चालेल?

हार्मोनियमवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही, ही आपली जुनी रड. मॉड्युलर सिंथवर, म्हणजे सुटी मॉड्यूल्स वायरींनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, निघते, पण दोन्ही हात वायरींत अडकलेले. म्हणून पाय. नागपूरच्या धरमपेठेतल्या खोलीत दोन उन्हाळे मी तीन तऱ्हा करून पाहिल्या: एक्स्प्रेशन पेडल, व्हॉल्यूम पेडल आणि मिडी कीबोर्डचं पेडल.

आधी हिशेब. युरोरॅक या प्रचलित मॉड्युलर पद्धतीतले बहुतेक ऑसिलेटर (सूर काढणारी मॉड्यूल्स) दर सप्तकाला १ व्होल्ट मानतात. सा ते शुद्ध रे, म्हणजे दोन अर्धस्वर, जेमतेम ०.१६७ व्होल्टचं अंतर. पेडलचे ५ व्होल्ट सरळ आत सोडले तर टाचेपासून चवड्यापर्यंत पाच सप्तकं! अंगठा हलला की सूर गेला.

एक्स्प्रेशन पेडलच्या आत नुसता पोटेन्शियोमीटर (कमीजास्त करता येणारा रोध, थोडक्यात पॉट) असतो, स्वतःचं व्होल्टेज नसतं. त्यामुळे त्याला व्होल्टेज पुरवणारं डोएफर ए-१७७ सारखं मॉड्यूल लागतं आणि पुढे बहुधा ते व्होल्टेज कमी करणारा ॲटेन्युएटरही. खर्च इथेच वाढतो. शिवाय पेडलच्या पिनेवरच्या टिप आणि रिंग या दोन संपर्कांची जोडणी कंपनीगणिक वेगळी. माझं पहिलं पेडल उलट्या जोडणीचं निघालं: टाच जराशी उचलली की सगळी उडी, पुढे कितीही दाबा, ढिम्म. विकत घेण्याआधी जोडणी विचारा, किंवा ती बदलायचं बटण असलेलंच घ्या.

व्हॉल्यूम पेडल मात्र गिटारवाल्या मित्राकडे धूळ खात पडलेलं सापडतं. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी-वीज न लागणारंच हवं, कारण ॲक्टिव्ह पेडलमधून स्थिर व्होल्टेज पलीकडे जाईलच याचा भरवसा नाही. स्थिर व्होल्टेज देणाऱ्या ऑफसेट मॉड्यूलमधून ०.१६७ व्होल्ट पेडलच्या इनला द्या, आउट ऑसिलेटरला. लहान-मोठ्या पिनांसाठी ॲडाप्टर लागेल, बस. ॲटेन्युएटरचीही गरज नाही. २५० किलोओहमऐवजी २५ किलोओहमचं मिळालं तर उत्तम. मोठ्या रोधाच्या पेडलवर ऑसिलेटरच्या इनपुटचा भार पडतो आणि मधली चाल वाकडी होते. लॉग पॉट (सुरुवातीला हळू, शेवटी झपाट्याने वाढणारा) असेल तर मींड शेवटी एकदम धावते. मला तर ते आवडायलाच लागलं.

तिसरी तऱ्हा मिडी कीबोर्डच्या पेडलची. मिडी म्हणजे वाद्यांमधली डिजिटल भाषा; तिच्यात पेडलच्या चालीला १२८ पायऱ्या असतात म्हणून लोक नाकं मुरडतात. दोन अर्धस्वरांत त्या वाटल्या तर एक पायरी सुमारे १.६ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), कानाला कळतही नाही. पाच सप्तकांत वाटल्या की ४७ सेंट, मग जिना चढल्यासारखं ऐकू येतं. कीबोर्ड आणि मिडीचं व्होल्टेज करणारं मिडी-सीव्ही मॉड्यूल आधीच असेल तर वेगळं काही घेऊ नका.

माझं मत विचाराल तर सुरुवात व्हॉल्यूम पेडलने करा. रोज वाजवणार असाल, मोठी-लहान मींड आलटून-पालटून हवी असेल, तर एक्स्प्रेशन पेडलवर पैसे घाला. काहीही घेतलं तरी चवडा पूर्ण दाबून रे ट्यूनरवर जुळवा. मग रेवर थांबायचं काम पेडलचं शेवटचं टोकच करतं, पायाला अंदाज घ्यावा लागत नाही.

आणि मे महिन्यात कूलर लावल्यावर अर्धा तास थांबून सा पुन्हा लावा. ॲनालॉग ऑसिलेटर नागपूरच्या उन्हाला बिचकतो.