तीन पार्ट्या, चार डेस्कटॉप: आठ महिन्यांनंतर

लक्ष्मी रोडच्या मागे एका टॅक्स कन्सल्टंटकडे मी अकाउंट्स बघते. ऑफिस म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या. माझ्या टेबलावर एक मॉनिटर, प्रिंटर आणि बिलांच्या फायलींचा ढीग. दुसरा मॉनिटर मागितला तर सर म्हणाले, "ठेवणार कुठे?" खरंच होतं ते. म्हणून गेल्या जुलैपासून विंडोज 11 मधले व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच मॉनिटरवर आलटून पालटून उघडणारे वेगवेगळे डेस्कटॉप, वापरायला लागले.

विंडोजमध्ये ही सोय 2015 पासून, म्हणजे विंडोज 10 आलं तेव्हापासून आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही, तरी आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हती. विंडोज-कंट्रोल-डी दाबलं की कोरा डेस्कटॉप. विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की इकडून तिकडे. शिकायला दहा मिनिटं पुरतात.

वाटणी कशी करायची हे कळायला मात्र महिना गेला. आधी मी एकात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), दुसऱ्यात एक्सेल, तिसऱ्यात ब्राउझर असं केलं. शुद्ध बावळटपणा. टूबी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरची खरेदीच्या बिलांची यादी, मॅच करताना आपलं पर्चेस रजिस्टर आणि टूबी शेजारी शेजारी हवं. मी बिलागणिक उड्या मारत होते. मग पार्टीप्रमाणे, म्हणजे ज्यांचे हिशेब बघतो त्या क्लायंटप्रमाणे, वाटलं: मार्केट यार्डातले भुसारवाले, तुळशीबागेतलं कटलरीचं दुकान, रविवार पेठेतले हार्डवेअरवाले, आणि चौथा सरांच्या मधूनच येणाऱ्या कामांना. प्रत्येकाला नाव आणि वेगळ्या रंगाचा वॉलपेपर दिला. आता अल्ट-टॅब दाबलं की समोरच्या पार्टीच्याच फाइली दिसतात. पूर्वी 'सेल्स फायनल' नावाच्या तीन एक्सेल उघड्या असायच्या आणि कुठली कुणाची ते उघडून बघितल्याशिवाय कळायचं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे वापरेन.

पण एक फटका बसला, तो सांगते. 20 तारीख, थ्रीबीचा, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचा, शेवटचा दिवस. तुळशीबागेच्या डेस्कटॉपवर जीएसटी पोर्टल उघडं होतं. मध्येच हार्डवेअरच्या डेस्कटॉपवर जाऊन त्यांचं लॉगिन केलं, काहीतरी बघितलं आणि परत आले. पोर्टल पुन्हा उघडलं, आकडे भरले, ओटीपी मागवला. तुळशीबागेतल्या काकांना फोन केला तर, "नाही हो आला अजून." तेवढ्यात हार्डवेअरवाल्यांचा फोन: "ताई, मला कसला ओटीपी आलाय?" पोटात गोळा आला. कटलरीचे आकडे मी हार्डवेअरच्या रिटर्नमध्ये भरले होते. ओटीपी टाकला नव्हता, म्हणून वाचले.

झालं असं की डेस्कटॉप वेगळा असला तरी ब्राउझर तोच असतो, आणि एका ब्राउझरमध्ये एका साइटचं लॉगिनही एकच. दुसऱ्या पार्टीने लॉगिन केलं की पहिलीचं गेलं. डेस्कटॉप फक्त विंडो वेगळ्या ठेवतो, आतलं काही वेगळं करत नाही. वॉलपेपर पिवळा आहे म्हणून पोर्टलही तुळशीबागेचंच, असं मी धरून चालले होते. आता प्रत्येक पार्टीचं क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल आहे आणि भरण्याआधी वरचं नाव वाचते. टॅलीची विंडो मात्र टास्क व्ह्यूमध्ये (सगळे डेस्कटॉप आणि उघड्या विंडो एकत्र दिसतात तिथे) राइट क्लिक करून सगळ्या डेस्कटॉपवर दिसेल अशी ठेवली आहे. तिथे कुठली कंपनी उघडी आहे ते दर वेळी बघावंच लागतं.

बाकी तक्रारी किरकोळ. मशीन बंद करून सुरू केलं की डेस्कटॉपची नावं राहतात, विंडो जातात. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की सगळा संसार पुन्हा मांडायचा. डेस्कटॉप बंद केला तरी त्यातल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्यात जाऊन बसतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. रॅमही वाचत नाही. सगळं मागे चालूच असतं, आणि माझ्या 8 जीबीच्या मशीनवर पाचवा डेस्कटॉप भरला की एक्सेल कण्हायला लागतं.

सर परवा मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर एकच फाइल बघून म्हणाले, "आज काम कमी दिसतंय." मी उजवा बाण तीनदा दाबून दाखवला. आता त्यांनाही करून हवंय.