वीस टक्के सवलत आणि दहा रुपयांची जुडी

भाची लग्न होऊन पुण्यात बाणेरला राहायला आली. दोघं नोकरी करणारी, पोळ्या-भाजीला बाई येते ती फक्त संध्याकाळी. पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, ॲपवर भाजीवर वीस टक्के ऑफ आहे. तू दर रविवारी पिशव्या घेऊन कशाला फिरतेस?" मी म्हटलं, वीस टक्के कशावरचे ते आधी बघू.

मग जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही एकच यादी घेतली. मेथी, कोथिंबीर, मटार, वांगी, गाजर, टोमॅटो, कांदे, मिरची, आलं. तिने ॲपवर मागवली, मी आमच्या सिंहगड रोडकडच्या आठवडे बाजारात गेले. दुपारी फोनवर बिलं वाचली. कांदे-टोमॅटो तिला माझ्यापेक्षा स्वस्त पडले होते, हे आधीच कबूल करते. ज्या दोन-तीन भाज्यांचे भाव प्रत्येकाला तोंडपाठ असतात, त्यांत ही ॲपं हात आखडत नाहीत. वसुली होते ती मिरची, आलं, कोथिंबीर, मेथीत. तिथे भाव किलोचा नसतो. शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम असा असतो आणि आपण फक्त रुपयांचा आकडा बघतो. दोनशे ग्रॅमला तीस रुपये हे स्वस्त वाटतं. दीडशे रुपये किलो म्हटलं की हात थांबतो. त्यावर हँडलिंगचे पैसे, आणि पाऊस असला तर पावसाचेही.

मटाराचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. तिने सोललेला घेतला, दोनशे ग्रॅम पन्नास रुपयांना, म्हणजे अडीचशे रुपये किलो. मी शेंगा साठ रुपये किलोने घेतल्या. किलोभर शेंगांत दाणे निम्मेही निघत नाहीत, फार तर साडेचारशे ग्रॅम धरा. म्हणजे मला दाणे एकशे तीस-पस्तीस रुपये किलोने पडले. पण माझ्याकडे सासूबाई आहेत. टीव्हीवरची मालिका आणि मटाराची परात ही त्यांची आवडती जोडी. भाचीकडे ती अर्ध्या तासाची मजुरी कोण करणार? तिने सोललेला घेतला, त्यात काही चुकलं नाही.

म्हणून "कुठे स्वस्त" हा प्रश्न एकट्याने सुटत नाही. घरात माणसं किती, निवडायला-सोलायला कोण, फ्रीज केवढा, आणि रविवारचे दोन तास मोकळे आहेत का, हे त्याच्या जोडीला विचारावं लागतं.

आधी आवक, मग मेनू

आपल्यापैकी बरेच जण आधी मेनू ठरवतात आणि मग बाजारात जातात. माझ्या मते निम्मे पैसे इथेच जातात. पुण्यात भाज्यांचा भाव ठरतो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. शनिवारी तिथला भाजीबाजार बंद असतो आणि रविवारी सगळ्यात मोठी आवक होते. सोमवारच्या पेपरात तिचा तपशील येतो: किती ट्रक आले, मटार कुठून, गाजर कुठून, कशाचे भाव उतरले, कशाचे तेजीत. फळभाज्यांचे दर तिथे दहा किलोचे असतात आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला धक्का बसतो. कोथिंबीर पाचशे रुपये म्हणजे शंभर जुड्यांना पाचशे, जुडी पाच रुपयांची. किरकोळीत ती दीडपट-दुपटीने मिळते. आठ-दहा रुपयांना मिळाली तर ठीक, वीस सांगितले तर पुढच्या पाटीकडे जायचं.

कोथिंबीर आणि मेथी महिना-सव्वा महिन्यात काढणीला येतात. भाव चढला की सगळे पेरतात आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांची एकदम येते. त्यामुळे एका आठवड्यात जुडी चाळीस रुपयांवर असते आणि काही आठवड्यांनी शेतकरी तीच ट्रॅक्टरभर फेकून देताना दिसतो. जोराचा पाऊस झाला की शेतातच पाला सडतो, आलेला माल भिजलेला असतो आणि तरीही महाग. अशा वेळी आठवडाभर पालेभाजीचं नाव काढू नये. मोड आलेली मटकी आणि तांबडा भोपळा यांवर घर चालतं. २०२३च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली, तेव्हा आमच्या आमटीत आमसूल पडलं आणि कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

सणांचंही तेच. भोगीच्या आदल्या दिवशी वांगी, पावटा, गाजर, सगळ्यांना भाव येतो. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारली, भोपळा वर जातात. नवरात्रात रताळी. नैवेद्यापुरतं घ्यायचं, त्या आठवड्यात गवारीच्या नादी लागायचं नाही.

आठवडे बाजार

२०१६ साली राज्यात फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, म्हणजे शेतकऱ्याला यार्डाबाहेर थेट विकता येऊ लागलं, आणि शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारांना जोर आला. आता पुण्यातल्या बऱ्याच भागांत आठवड्यातून एक दिवस मैदानावर किंवा रस्त्याच्या कडेला तंबू लागतात. माझा कौल, हातचं राखून, या बाजाराला.

हातचं राखून अशासाठी की "शेतकरी ते ग्राहक" असा फलक लावला म्हणून मागे बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. ओळखायची माझी खूण साधी आहे. ज्याच्या पुढ्यात तीन-चारच जिनसा आहेत, म्हणजे मेथी, कांद्याची पात, मुळा आणि थोडी वांगी, त्याच्या शेतातून हे आलेलं असण्याची शक्यता जास्त. ज्याच्याकडे वांग्यांशेजारी सिमला सफरचंदं आणि ब्रोकोली आहे, त्याने यार्डातून आणलं आहे. तेही घ्यायला हरकत नाही, फक्त थेट शेतातलं म्हणून जास्त भाव द्यायचा नाही.

आमच्या बाजारात पुरंदरकडच्या एक काकू बसतात. त्यांची मेथी मुळांसकट असते, मुळांना लाल माती. पानं लहान, गोल, काठाला किंचित तांबूस. मी जुडी उचलून वास घेते, त्या हसतात. "पहाटं काढलीया, ताई." मोठ्या पानाची, लांब दांड्याची मेथी दिसायला भरगच्च असते, निवडल्यावर अर्धी देठंच उरतात. काकूंची जुडी दिसते लहान, पण परातीत पाला तिचाच जास्त.

रात्री आठ-साडेआठला बाजार उठायला लागला की भाव पडतात. "घेऊन जावा सगळं" म्हणत वाटेच्या वाटे लावतात. तेव्हा वांगी, काकडी, दुधी बिनदिक्कत घ्यावेत. पालेभाजी घेऊ नये, दिवसभर पाणी मारून मारून ती आतून पिवळी पडायला लागलेली असते.

मंडई

महात्मा फुले मंडई ही १८८६ची, पूर्वीचं रे मार्केट. तिथे स्वस्ताईसाठी जाऊ नका, जे दुसरीकडे मिळत नाही त्यासाठी जा. केळफूल, सुरण, वडीचं अळू, कच्चा फणस, श्राद्धाची भाजी आणि पावसाळ्यात रानभाज्या. नैसर्गिक अन्न म्हणून जे सध्या चढ्या भावात विकलं जातं, त्यातलं खरोखर कोणी न पेरलेलं, न फवारलेलं काय असेल तर त्या या रानभाज्याच. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, ती काकडांशिवाय, म्हणजे त्यांच्या जोडीला मिळणाऱ्या आंबट रानफळांशिवाय, शिजवली तर घसा धरतो. मग कोवळा टाकळा, भारंगी, कुरडू, आणि शेवटी कर्टुली. कर्टुली महाग असतात, तरी वर्षातून दोनदा घ्यावीत. गाडी लावायला जागा मिळत नाही ही मंडईची जुनी रड होती, आता मेट्रोचं स्टेशनच मंडईत आहे.

ॲप, हातगाडी, मॉल

ॲपबद्दल माझं मत भाचीइतकं चांगलं नाही आणि माझ्या सासूबाईंइतकं वाईटही नाही. रात्री नऊला पाहुणे येणार आणि घरात लिंबू नाही, तेव्हा दहा मिनिटांत लिंबू आणणारा मुलगा देवासारखा वाटतो. पण पालेभाजी? एका ॲपवरून मागवलेली मेथी आली ती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, वरून हिरवीगार, आत काळा चिखल. पैसे मिनिटभरात परत मिळाले. ठेपले मात्र झाले नाहीत. शिवाय ॲपवर हंगाम कळत नाही. बारा महिने तेच फोटो, तीच भेंडी.

दारावरचा हातगाडीवाला किलोमागे पाच-दहा रुपये जास्त घेतो. पण चार मिरच्या मागितल्या तरी देतो, वर कढीपत्ता फुकट घालतो, सुट्टे नसले तर उद्या घेतो. आठवड्याच्या मध्याला तोच बरा.

मॉलमधून भाजी घेऊ नये, किराणा घ्यावा. तोही यादी करून. "दोनावर एक मोफत" असतं ते बहुधा आपल्याला एकही नको असलेल्या वस्तूवर.

घरपोच नैसर्गिक टोपली

हा पर्याय भाचीला सगळ्यात जास्त भावला होता. महिन्याचे पैसे आधी भरायचे, दर आठवड्याला विषमुक्त भाजीची टोपली दारात. मी वर्षभर एका गटाची घेतली होती. चव उत्तम, काकडी तर लहानपणी खाल्लेल्या काकडीसारखी. पण टोपलीत काय यायचं हे शेत ठरवतं. भाद्रपदात सलग तीन आठवडे दुधी आला. दुधीची भाजी, कोफ्ते, थालीपीठ, हलवा, आणि शेवटी मुलाने जाहीर केलं की पुढचा दुधी आला तर तो हॉस्टेलला जाईल. ज्याला समोर आलेलं रांधायची सवय आहे त्याने टोपली जरूर घ्यावी. आठवड्यातून चार दिवस बाहेर जेवणाऱ्याच्या घरी ती सडते, आणि महाग भाजी सडली की दुप्पट लागते.

सेंद्रियचा शिक्का हवाच असेल तर पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह बघावं. थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याकडे ते नसू शकतं, तिथे ओळख आणि शेताला एक भेट हाच दाखला. हात आखडता असेल तर भाजीपेक्षा किराण्यात नैसर्गिक घ्या, असं मी सांगेन. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा रसायनाने उजळलेला असतो, त्याऐवजी काळपट तांबूस ढेप घ्यावी. पॉलिश न केलेली तूरडाळ, घाण्याचं शेंगदाणा तेल. हे महिनोन् महिने रोज पोटात जातं आणि सडत नाही. त्यातही हंगाम आहेच: नवा तांदूळ दिवाळीनंतर, नवी तूर संक्रांतीच्या सुमारास, मालदांडी ज्वारी आणि गहू शिमग्याच्या पुढे. पाच माणसांच्या घराने तेव्हा वर्षाचं भरावं. दोघांच्या फ्लॅटमध्ये मात्र कणगी ठेवायला जागा नाही आणि पोरकिडे काढायला वेळ नाही, महिन्याचं आणलेलं बरं.

रविवार ते शनिवार

आणलेली भाजी टिकाऊपणाच्या उलट्या क्रमाने खायची, एवढीच माझी पद्धत. रविवारी आणि सोमवारी पालेभाजी. कोथिंबीर त्याच दिवशी निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात. धुऊन ठेवली की संपली. मंगळवार-बुधवारी भेंडी, वांगी, शेंगा. गुरुवार-शुक्रवारी कोबी, दुधी, भोपळा. बुधवारी रात्री मटकी भिजत घालायची, गुरुवारी फडक्यात बांधायची, शुक्रवारी मोड येतात, शनिवारी उसळ. तोवर फ्रीज रिकामा झालेला असतो. नाही झाला तर समजायचं की गेल्या रविवारी हावरटपणा झाला. एखाद्या दिवशी काहीच नको वाटलं तर पिठलं-भात आहेच.

भाचीला मी शेवटी असं सांगितलं: पालेभाजी आणि हंगामाची एक भाजी आठवडे बाजारातून, कांदे-टोमॅटो ज्या दिवशी ॲपवर स्वस्त त्या दिवशी ॲपवरून, किराणा महिन्याचा, आणि टोपलीचे पैसे भरायच्या आधी एक महिना सगळं जेवण घरी होतंय का ते बघ. ती हो-नाही काही बोलली नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे बाजाराचा गलका. "मावशी, शेपू दहाला दोन जुड्या देतोय, घेतल्या. आता ह्याचं करतात काय?"

म्हटलं, घरी गेल्या गेल्या मूठभर मुगाची डाळ भिजत घाल.