बर्फावरची स्लेज की रुळांवरची गाडी?

‘डोंगरात एक दिवस टोबॉगनिंगला जाऊ’ असं घरात ठरतं, तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र असतं. एकाला बर्फावरून घसरणारी लाकडी स्लेज दिसते, दुसऱ्याला रुळांवरून वळणं घेत उतरणारी गाडी. नाव एकच, पण दिवस अगदी निराळे. लोक आधी अंतर आणि वेग विचारतात. मी दोनच प्रश्न विचारते: ब्रेक कोणाच्या हातात, आणि परत वर कसं जायचं?

रुळांवरच्या गाडीचं उत्तर सोपं आहे. गाडी रुळांना पक्की धरून असते, त्यामुळे ती बाहेर फेकली जात नाही. कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना लिव्हर. पुढे ढकलले की गाडी सुटते, मागे ओढले की थांबते. बहुतेक ठिकाणी वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास आपोआप रोखला जातो. गाडीत बसलेलं असतानाच केबल वर ओढून नेते, म्हणजे तोही प्रश्न मिटला. शिकायचं काहीच नाही. आजीलाही बसवता येतं, लहान मूल मोठ्यांसोबत बसू शकतं, आणि बर्फ नसला तरी ही गाडी चालते. उणीव एकच, पण मोठी: रांगेत अर्धा तास, घसरण काही मिनिटांची. शिवाय पुढच्या गाडीत घाबरलेला कोणी लिव्हर ओढून बसला, तर मागच्यांची मजा तिथेच संपते. पुढच्या गाडीशी अंतर ठेवा ही पाटी शोभेची नसते.

एक सावधगिरी. रुळांऐवजी धातूची किंवा फायबरची उघडी पन्हाळ असेल आणि तिच्यात गाडी नुसतीच ठेवलेली असेल, तर तो वेगळा प्रकार. तिथे वळणावर कोपर बाहेर काढलं की साल निघते, आणि पन्हाळ ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही म्हणून पाऊस आला की ती बंद करतात. ढगाळ हवेचा दिवस असेल तर निघण्याआधी हे विचारून घ्या.

आता बर्फ. इथे ब्रेक म्हणजे तुमच्या बुटांचे तळवे. दोन्ही तळवे स्लेजच्या बाजूला सपाट टेकवून दाबायचे. नवखा माणूस नेमकी टाच रोवतो आणि पाय आत ओढला जातो. डावीकडे वळायचं तर डावा पाय हलका घासायचा आणि अंग तिकडे झुकवायचं. पहिल्या वळणावर हे कोणालाच जमत नाही. ब्रेक मारला की बुटांखालून उडालेला बर्फाचा भुगा थेट तोंडावर येतो, आणि चष्म्याच्या काचा पुसायला जो हात सोडतो तो बाजूच्या भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत जाऊन बसतो. मुलांना हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

पण त्याचं फळही तसंच. स्वित्झर्लंडमध्ये प्रेडा ते बर्ग्युन हा सुमारे 6 किलोमीटरचा उतार आहे. उन्हाळ्यातला घाटरस्ता हिवाळ्यात वाहनांना बंद होतो आणि स्लेजना मोकळा मिळतो. खाली पोचलं की स्लेजसकट आगगाडीत बसायचं आणि पुन्हा वर. कुटुंबासाठी याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही. उलट तिथल्याच ग्रिंडेलवाल्ड गावाचा फाउलहॉर्न शिखरावरून उतरणारा मार्ग तब्बल 15 किलोमीटरचा, पण माथ्यावर पोचायला केबल कारनंतर स्लेज ओढत अडीच तासांच्या आसपास चालावं लागतं. आकडा बघून भुलायचं नाही ते यासाठी. सहा वर्षांचं मूल पहिल्या अर्ध्या तासात स्लेजवर बसून घेतं, आणि मग दोघांनाही ओढायचं काम बाबांकडे.

स्लेज कोणती घ्यायची यावर घरात वाद होतोच. टोबॉगन हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून आला. त्यांची ती सपाट तळाची, पुढून वर वळलेली फळी खोल, मऊ बर्फात रुतत नाही. प्लास्टिकची बशीही तशीच: हलकी, स्वस्त, पण दिशा देता येत नाही, फिरत फिरत पाठ पुढे करून खाली जाते. घराजवळच्या छोट्या, मोकळ्या उताराला ती पुरे. वळणांच्या दाबलेल्या मार्गावर मात्र दोन पट्ट्यांची, खाली पोलाद लावलेली लाकडी स्लेजच हवी, कारण तीच ऐकते. 1883 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला स्लेजची शर्यत झाली, तीही अशाच लाकडी स्लेजवर.

वेळेचंही बघा. सकाळी मार्ग रात्रीच्या थंडीने काचेसारखा कडक असतो. वेग भलता आणि पडलं की लागतं. दुपारी ऊन लागून बर्फ मऊ होतो, तेव्हा लहानांना बरं. हेल्मेट दोन्ही वेळेला. घोट्याच्या वर येणारे, खाचांच्या तळाचे बूट हवेत. साध्या बुटांनी ब्रेक लागत नाही. डोकं पुढे करून पोटावर झोपून जायचा हट्ट कोणाचाही असो, ऐकू नका.

माझं मत सांगते. सगळ्यात धाकटं पाचाच्या आतलं असेल, किंवा सोबत गुडघे दुखणारं कोणी असेल, तर रुळांवरची गाडी आणि उरलेला दिवस नुसतं भटकणं. मुलं आठ-दहाची असतील आणि वर जायला गाडी किंवा केबल कार असेल, तर डोळे मिटून बर्फ निवडा. वर चालतच जायचं असेल, तर आधी घरामागच्या टेकाडावर स्लेज दोनदा ओढून बघा, मोज्यांच्या दोन जास्तीच्या जोड्या पिशवीत टाका, आणि मग ठरवा.