एनआयएसटीचे गणिती फलनांचे डिजिटल ग्रंथालय: प्रकरण २२

अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली खुले केलेले हे संकेतस्थळ विनामूल्य असून, त्यातील जाकोबीच्या विवृत्तीय, म्हणजेच इलिप्टिक, फलनांवरचे २२वे प्रकरण मी गेले काही महिने लंबकाच्या गणितांसाठी नियमित वापरत आहे. साइन फलन २π या एकाच अंतराने पुन्हा तेच मूल्य घेते. एसएन (sn) हे जाकोबीचे एक फलन मात्र संमिश्र प्रतलावर ४K आणि २iK′ अशा दोन दिशांनी आवर्ती असते; येथे k हा फलनाचा आकार ठरवणारा ० ते १ मधला मापांक, K व K′ या त्यावरून ठरणाऱ्या संख्या आणि i म्हणजे −१ चे वर्गमूळ. k शून्याकडे नेल्यास K हा π/२ होतो, K′ अनंताकडे जातो व हातात पुन्हा आपले साइनच उरते. या दोन आवर्तनांची संपूर्ण जाळी, तिच्यावरील शून्यस्थाने आणि ध्रुव, म्हणजे फलन अनंत होते ते बिंदू, येथील तक्त्यांत आणि रंगीत त्रिमितीय आलेखांत इतकी स्पष्ट दिसते की फळ्यावरच्या आकृतीत ती कधीच तशी जाणवली नव्हती.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. येथे k वापरतात, तर अनेक संगणकीय साधने m, म्हणजे k चा वर्ग, मागतात. लंबकाच्या ६० अंशांच्या आयामासाठी, म्हणजे मध्यापासूनच्या कमाल कोनासाठी, k (त्या कोनाच्या निम्म्याचे साइन) ०.५ येतो आणि आवर्तकाल लहान दोलनांपेक्षा सुमारे ७.३ टक्क्यांनी वाढतो; तोच ०.५ मी m म्हणून भरला, तेव्हा उत्तर १८ टक्के आले आणि चूक सापडायला एक संध्याकाळ गेली.

सिद्धता येथे सविस्तर मिळत नाहीत, त्यामुळे अगदी नवख्याने आधी एखादे पाठ्यपुस्तक वाचावे. सूत्र पडताळण्यासाठी मात्र मी सर्वप्रथम हेच पान उघडतो.