दातांविषयी वेळ काढून बोलणारा दवाखाना

फोंडा परिसरातील पाळीव प्राण्यांच्या एका लहानशा दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात मी आमच्या नऊ वर्षांच्या पॉमेरेनियनला, बंटीला, घेऊन गेलो होतो. वय झाले की कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, अशी माझी समजूत होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी ती पहिल्या पाच मिनिटांत दूर केली, आणि तीही मला न दुखावता.

बंटीचा जबडा उघडण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. वरचा ओठ अंगठ्याने हलकेच मागे सारून त्यांनी मला वाकून पाहायला सांगितले. वरच्या मोठ्या दाढेवर तपकिरी किटण चढले होते आणि हिरडीची कड कोकमाच्या आगळासारखी लाल झाली होती. इतक्या वर्षांत तो ओठ आपण एकदाही उचलून पाहिला नाही, याचे मला फार वाईट वाटले. ‘पण जेवतो व्यवस्थित,’ असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी समजावले की दात दुखत असला तरी कुत्रे सहसा जेवण सोडत नाही. ते एकाच बाजूने चावते, घास खाली पाडते, कडक पदार्थ टाळते आणि आपण त्याला नखरे म्हणतो. बंटी कित्येक आठवडे भाकरीचा कडक पापुद्रा ताटलीत तसाच ठेवत होता.

त्याआधी एका ग्रूमिंगच्या दुकानात भूल न देता त्याचे दात खरवडून घेतले होते आणि ते पांढरे झालेले पाहून मी निर्धास्त झालो होतो. खरा आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागे कुत्रे तिथे हत्यार लावू देत नाही, हे बाईंनी कागदावर दाताचे चित्र काढून पटवले. मग रक्ततपासणी, पूर्ण भूल, पाणी व किटणाचे कण फुफ्फुसात जाऊ नयेत म्हणून श्वासनलिकेत घातली जाणारी नळी, वयामुळे असलेला धोका, हे सारे त्यांनी माझ्या पत्नीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत सांगितले. दोन हलणारे दात काढावे लागले.

उणिवाही आहेत. दातांचा एक्स-रे तिथे निघत नसल्यामुळे आम्हांला पणजीला जावे लागले. खर्चाचा अंदाज तोंडी मिळाला आणि बिल त्याहून वाढले. तो अंदाज लेखी द्यायला हवा.

घरच्या काळजीविषयी मात्र इतके नेमके मला आजवर कोणी सांगितले नव्हते. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, म्हणून रोज घासायचे. आपली टूथपेस्ट वापरायची नाही, कारण काही पेस्टमधील झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य कुत्र्यांना विषारी ठरते. आधी काही दिवस प्राण्यांची पेस्ट नुसती बोटावरून चाटू द्यायची, नंतर बोटाला मलमल गुंडाळून दातांची बाहेरची बाजू पुसायची आणि मगच ब्रश आणायचा. शिजवलेली हाडे पूर्ण बंद. चघळायला दिलेल्या वस्तूत नख रुतत नसेल, तर तिने दाढ फुटू शकते.

सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा बाईंनी दोन्ही ओठ उचलून पाहिले आणि डावी बाजू नीट घासली जात नाही, हे लगेच ओळखले. मग माझा हात धरून ब्रश कसा तिरपा धरायचा, ते त्यांनी बंटीच्या दाढेवरच करून दाखवले.