सोलेक्स 3800: काही महिने चालवल्यानंतर

जुनी मोटरवाली सायकल घ्यायला जाणारे आधी इंजिन बघतात. सोलेक्स घेत असाल तर आधी पुढचा टायर आणि त्यावर टेकणारा रोलर बघा. हिची चेन फक्त पायडलसाठी. इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसतं आणि त्याचा खरखरीत रोलर टायरला घासून चाक फिरवतो. रोलर गुळगुळीत झाला असेल तर 49 सीसीचं इंजिन कितीही ठणठणीत असो, चढावर नुसता आवाज. पावसात तर चांगला रोलरही घसरतो, आणि त्यावर मला अजून इलाज सापडलेला नाही.

फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स (सोलेक्सचं पूर्ण नाव) 1946 मध्ये विक्रीला आली. युद्ध संपलेलं, इंधनाची टंचाई, मोटार घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. माझं 3800 मॉडेल 1966 पासूनचं, पण स्वभाव तोच. इंजिन वर उचललं की ती साधी (जरा तोंडजड) सायकल. चालू करताना इंजिन टायरवर टेकवायचं, हँडलवरचा खटका दाबून पायडल मारायचं आणि थोडा वेग आला की खटका सोडायचा. मग फटफट सुरू. पिळायला अॅक्सिलरेटर नाही. तुम्ही काहीच केलं नाही तर गाडी पूर्ण वेगात, हळू करायची तर खटका ढकला. पूर्ण वेग म्हणजे ताशी 30 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. सवय मात्र हाताला उशिरा लागते.

विकणाऱ्याने ‘चालू कंडिशन’ सांगितलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात पेट्रोल वर चढेना. क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या क्रँकभोवतीच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या चढउतारावर हलणारा पातळ पडदा पेट्रोल खेचतो, तो कडक होऊन बसला होता. नवा बसवल्यापासून तक्रार नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. सोलेक्सचे सुटे भाग आजही नवे मिळतात, हा या छंदात मोठाच दिलासा.

सोबत इंग्लंडची सायकलमास्टरही आहे. 1950 ची ही कल्पना भन्नाट: 25.7 सीसीचं इंजिन अख्खं मागच्या चाकाच्या पोटात. टायरला घासायचा प्रश्नच नाही, म्हणून ओल्या रस्त्यावर ही सोलेक्सपेक्षा कितीतरी भरवशाची. चढावर मात्र पायडल मारावंच लागतं, आणि मागचं चाक पंक्चर झालं की तो दिवस गेला म्हणून समजा.

हे इंजिनवालं चाक सुटं विकलं जायचं. लोक आपापल्या सायकलला बसवून घ्यायचे. इटलीच्या डुकाटी कुचोलोचंही सुरुवातीला तसंच, इंजिन त्यांचं आणि सायकल तुमची. त्यामुळे अशा गाडीची ‘ओरिजिनल सायकल’ आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. इंजिन पूर्ण आहे का, नंबर नीट वाचता येतो का, कार्ब्युरेटर त्याच इंजिनाचा आहे का, एवढं तपासा. फ्रेम गंजलेली असली तरी चालेल, ती बदलता येते.